स्प्लिट ते दुब्रोव्हनिक, छोट्या जहाजातून: काही महिन्यांनंतरचा अनुभव

सहलीहून परतल्या परतल्या लिहिलेल्या अनुभवांवर माझा फारसा भरवसा नाही. तेव्हा डोळ्यांत निळं पाणी असतं आणि क्रेडिट कार्डाचं बिल अजून आलेलं नसतं. म्हणून मुद्दाम थांबले. गेल्या सप्टेंबरात मी, नवरा आणि माझी आई असे तिघं क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावर छोट्या जहाजाने फिरलो. शनिवारी स्प्लिटला चढायचं, पुढच्या शनिवारी दुब्रोव्हनिकला उतरायचं. आता बिल भरून झालंय, फोटोही नातेवाइकांना दाखवून संपलेत, तेव्हा जरा थंड डोक्याने लिहिते.

आधी जहाजाबद्दल, कारण क्रूझ म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर दहा मजली इमारत येते. हे तसलं नाही. चाळीसच्या आतबाहेर प्रवासी, वीसएक केबिन, वर उन्हात पडायला एक डेक, खाली जेवणाची एकच खोली. स्विमिंग पूल नाही, लिफ्ट नाही, रात्रीचे कार्यक्रम नाहीत. केबिनमध्ये दोन बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही. आम्ही पैसे वाचवायला खालच्या मजल्यावरची केबिन घेतली होती. तिची गोल खिडकी उघडत नाही आणि सकाळी इंजिन सुरू झालं की गजराची गरज पडत नाही. आईसाठी मात्र डेकच्या पातळीवरची केबिन घेतली. तो जास्तीचा पैसा सार्थकी लागला, कारण खालचा जिना फार उभा होता.

तरीही मी या सहलीला चांगले गुण देईन, आणि त्याचं कारण जहाज नाही, धक्का आहे. ही जहाजं बहुतेक रात्री प्रवास करत नाहीत. सकाळी निघतात, दुपारी एखाद्या खाडीत पोहायला थांबतात आणि संध्याकाळी थेट गावाच्या बंदरात जाऊन बांधतात. मोठी जहाजं दूर समुद्रात उभी राहतात, होडीने माणसं आणतात आणि पाचच्या सुमाराला गोळा करून नेतात. ती गेली की गाव मोकळं होतं, आणि नेमके तेव्हा आपण तटाच्या दारात उभे असतो. कोर्चुलाला मी रात्री अकरा वाजता एकटी फिरून आले आणि चार मिनिटांत केबिनमध्ये होते.

धक्क्याची दुसरी बाजू कोणत्याच जाहिरातीत दिसत नाही. बंदरात जागा कमी, त्यामुळे जहाजं एकमेकांना खेटून बांधतात. एकाला एक, कधी पाच-सहा. आपलं जहाज सगळ्यात बाहेरचं असेल तर जमिनीवर जायला बाकीच्या सगळ्यांच्या डेकवरून चालत जावं लागतं. दोन जहाजांच्या मध्ये हात-दीड हाताची फट, खाली काळं पाणी, आणि दोन्ही कठडे वेगवेगळ्या तालात वरखाली होत असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा रोजचा पेपर. पहिल्या संध्याकाळी आई त्या फटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या." तेवढ्यात पलीकडच्या जहाजावरच्या खलाशाने काही न विचारता दोन्ही हात पुढे केले, तिची मनगटं धरली आणि कठडा खाली येण्याची वाट बघत थांबला. तो खाली आल्यावरच तिला ओढून घेतलं. नंतर ती स्वतःच तो क्षण ओळखायला शिकली. पण ज्यांना तोल सांभाळणं जमत नाही, त्यांनी ही सहल घेऊ नये, हे मी स्पष्टच सांगेन. शिवाय मधल्या जहाजात असलात तर खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते आणि त्याचा जनरेटर ऐकू येतो.

आता गावांकडे. स्प्लिटला एक दिवस आधी पोहोचा. जहाजाच्या कार्यक्रमात या शहराच्या वाट्याला तासाभराची चक्कर येते, आणि तेवढ्यात काहीच हाती लागत नाही. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. 305 मध्ये आपणहून गादी सोडली आणि या जागी बांधलेल्या राजवाड्यात राहायला आला. परत या म्हणून विनवणाऱ्यांना त्याने 'आधी माझे कोबी बघा' असं सुनावल्याची कथा आहे. त्या राजवाड्यात आज शहराचा जुना भाग आहे: भिंतींच्या आत घरं, दुकानं, वाळत घातलेले कपडे. ज्या सम्राटाने ख्रिश्चनांचा छळ केला, त्याच्याच समाधीचं पुढे कॅथेड्रल झालं. चौकात इजिप्तहून आणलेला काळ्या ग्रॅनाइटचा स्फिंक्स बसलेला आहे, आणि त्याच्या शेजारच्या पायऱ्यांवर उशा टाकून लोक कॉफी पीत असतात. एके काळी समुद्र राजवाड्याच्या दक्षिण भिंतीला भिडत असे, होड्या थेट दाराशी लागत. आज मध्ये फरसबंदी रस्ता आणि नारळासारखी दिसणारी ताडाची झाडं आहेत, पण बंदरातून निघताना मागे वळून बघितलं की ती भिंत समुद्राकडे तोंड करून का बांधली, ते कळतं.

ब्राच बेटावरच्या झ्लात्नी रात या प्रसिद्ध किनाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. खड्यांचा किनारा आहे, त्याचं टोक वाऱ्या-प्रवाहाप्रमाणे दिशा बदलतं, गर्दी भरपूर. पाण्यातले बूट मात्र न्याच. खडकांना चिकटलेल्या सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचे काटे पायात मोडले की सहलीचा निम्मा वेळ चिमट्यातच जातो. आमच्या जहाजावरच्या एका आजोबांचा गेला.

ह्वार बेटावर बहुतेकांचं लक्ष ह्वार गावाकडे असतं. तिथे 1612 सालचं नाट्यगृह आहे, गलबतं दुरुस्त करायच्या जुन्या आवाराच्या वरच्या मजल्यावर. बाकी गाव म्हणजे महागडे बार आणि मोठमोठ्या यॉट. मला आवडलं ते बेटाच्या पलीकडच्या अंगाचं स्तारी ग्राद. इ.स.पू. 384 मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी ते वसवलं आणि गावामागचं मैदान मोजून आयताकृती तुकड्यांत वाटून घेतलं. तुकडा साधारण 180 मीटर रुंद आणि 900 मीटर लांब, बांधाला चुना-माती न लावता रचलेले दगड. चोवीसशे वर्षांनंतरही आखणी तीच आहे आणि त्यात द्राक्षं आणि ऑलिव्हच आहेत. 2008 मध्ये युनेस्कोने ते यादीत घेतलं. आम्ही भाड्याच्या सायकलींवरून त्यात हिंडलो. नवऱ्याच्या गावाकडे बांधावरून तिसऱ्या पिढीचा दावा चालू आहे. तो एका कोपऱ्याशी सायकल टेकवून बराच वेळ बघत उभा होता. "इथे मोजणीवाला कोण होता, त्याला आपल्याकडे बोलवा," एवढंच म्हणाला.

यानंतर कार्यक्रमात व्हिस आणि शेजारच्या बिशेव्हो बेटावरची निळी गुहा होती. ती झाली नाही. आदल्या रात्री यूगो सुटला. हा आग्नेयेकडून येणारा दमट वारा, मोठ्या लाटा घेऊन येतो. गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की लहान होडीतही मान खाली घालून बसावं लागतं. 1884 साली सुरुंग लावून ते मोठं केलं, तेव्हा कुठे होडी जायला लागली. समुद्र जरा खवळला की गुहा बंद. कप्तानाने सकाळी शांतपणे सांगितलं की आपण जाणार नाही. त्याचा निर्णय बरोबरच होता. माझी तक्रार सहल विकणाऱ्या कंपनीबद्दल आहे. जाहिरातीच्या पहिल्याच फोटोत ती गुहा, आणि 'हवामानानुसार बदल संभवतो' ही ओळ अटींच्या शेवटच्या पानावर. मी लिहिलेल्या ईमेलला उत्तर म्हणून तीच ओळ पुन्हा आली. तेव्हा फक्त गुहेसाठी जाणार असाल तर जाऊ नका. त्या दिवशी जहाज चांगलंच हाललं, अर्धे लोक जेवायला आलेच नाहीत. आईने ठाण्याहून आणलेल्या उलटीच्या गोळ्या दोन ऑस्ट्रेलियन बायकांना वाटल्या आणि उरलेल्या सफरीत त्यांची लाडकी झाली.

कोर्चुला हे या सफरीतलं माझं सगळ्यात आवडतं गाव. आखणी माशाच्या काट्यासारखी: मधोमध कणा, दोन्ही बाजूंना गल्ल्या. पश्चिमेच्या गल्ल्या सरळ, म्हणजे उन्हाळ्यात दुपारी येणारा मायेस्त्राल वारा आत शिरावा. पूर्वेच्या किंचित वाकवलेल्या, म्हणजे हिवाळ्यातल्या 'बुरा' या बोचऱ्या वाऱ्याचा जोर मोडावा. त्या दुपारी मी आधी पूर्वेच्या गल्लीत उभी राहिले, घामाघूम झाले. कणा ओलांडून पश्चिमेच्या गल्लीत गेले तर केस उडायला लागले. माहितीफलक वाचायची गरजच पडली नाही.

हे गाव मार्को पोलोला आपला मानतं. इतिहासकारांचा कल व्हेनिसकडे आहे, पण 1298 मध्ये व्हेनिस आणि जेनोआची आरमारं इथेच भिडली आणि तो तेव्हाच पकडला गेला असं परंपरा सांगते. आम्हा ठाणेकरांना त्याच्याबद्दल वेगळी आपुलकी. त्याच्या प्रवासवर्णनात आपलं ठाणं आहे: तिथलं कातडं, सुती कापड, आणि चाच्यांशी संगनमत करून लुटीतले घोडे स्वतःकडे ठेवणारा राजा. हे मी आमच्या गाइडला सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं. तिने फोनवर नकाशा उघडून ठाण्याची खाडी शोधली.

म्ल्येत बेटावर राष्ट्रीय उद्यान आहे, समुद्राला जोडलेली दोन खारी तळी, मोठ्या तळ्यातल्या बेटावर बेनेडिक्टाइन मठ. तिकीट वेगळं काढावं लागतं आणि ते स्वस्त नाही. पण इथली खरी गंमत मुंगसाची. बेटावर विषारी साप फार झाले म्हणून 1910 मध्ये भारतीय जातीची मुंगसं आणून सोडली. त्यांनी साप जवळजवळ संपवले आणि मग मोर्चा पक्ष्यांकडे आणि कोंबड्यांकडे वळवला. आता ती डोकेदुखी झाली आहेत. तळ्याकाठी एक आमच्यासमोरून तुरुतुरु गेलं. आईने नमस्कार केला. मुंगूस दिसणं शुभ, मग ते क्रोएशियात का दिसेना!

जेवण. नाश्ता आणि दुपारचं जेवण जहाजावर, रात्री आपापलं गावात. शाकाहारी असल्याचं आधी ईमेलने कळवा आणि चढल्यावर आचाऱ्याला भेटून पुन्हा सांगा, विशेषतः सूप कशात शिजवलंय ते विचारा. आईला रोज भाजलेल्या भाज्या, पास्ता, किंवा ब्लित्वा मिळायचं. ब्लित्वा म्हणजे लसूण आणि ऑलिव्ह तेलातली पालकासारखी भाजी, बटाट्यासोबत. पहिले दोन दिवस तिला फार आवडलं, नंतर डोळ्यांसमोर नको झालं. आचाऱ्याने साधा भात करून द्यायला सुरुवात केली आणि मेतकुटाची डबी बाहेर निघाली. आम्ही दोघं मासे खाणारे, आमची चंगळ होती. माकुलाच्या शाईतला काळा भात जरूर खा, फक्त नंतर लगेच फोटोसाठी हसू नका.

पैशांचा हिशेब आधीच मांडा. आठवड्याच्या सफरीला माणशी साधारण हजार ते अडीच हजार युरो, जहाजाच्या दर्जानुसार. त्यावर विमान आणि शेंगेन व्हिसा (क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो). बंदराचा कर जहाजावर रोख द्यावा लागला, खलाशांची बक्षिसी वेगळी. बाहेरची पेयं जहाजावर आणू देत नाहीत आणि पाण्याच्या बाटलीचेही पैसे पडतात. नळाचं पाणी मात्र सगळीकडे पिण्यासारखं आहे, बाटल्या गावात भरून घ्या.

दुब्रोव्हनिकला धक्क्याचं सुख संपतं. जहाज ग्रूझच्या बंदरात लागतं आणि जुनं शहर तिथून अडीच-तीन किलोमीटर, बसने. शनिवारी सकाळी नऊला सामानासकट खाली उतरवतात. म्हणून पुढे दोन रात्री शहरात राहिलो. तटाची फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची, चढउताराची. दार उघडताच गेलात तरच निभाव लागतो. आई खाली ओनोफ्रिओच्या कारंज्यापाशी बसली. पंधराव्या शतकात सुमारे 12 किलोमीटरवरून कालव्याने आणलेलं ते पाणी लोक आजही बाटल्यांत भरून घेतात. या शहराने 1377 मध्येच प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना वेगळं ठेवायचा नियम केला होता. 1667 च्या भूकंपाने ते कोसळलं, 1991-92 च्या युद्धातल्या वेढ्यात पुन्हा मार खाल्ला. वरून बघताना छपरांचे दोन रंग दिसतात. भडक केशरी कौलं त्या वेढ्यानंतरची.

वेशीवर हातात शहराची प्रतिकृती धरलेला संत ब्लेझ सगळीकडे भेटतो, तो शहराचा रक्षक. गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे आणि ते दुब्रोव्हनिकच्या व्यापाऱ्यांनी बांधलं असं सांगतात. डिसेंबरात पणजीला गेलो तेव्हा वाट वाकडी करून बघून आलो. चर्च बंद होतं, पण शेजारच्या बाईंनी सांगितलं की क्रोएशियाची माणसं अधूनमधून येतात.

पुढच्या वर्षी नवऱ्याला उत्तरेकडचा झादरचा मार्ग करायचाय. बुकिंगआधी मी कंपनीला दोनच प्रश्न पाठवले आहेत: रोज रात्री जहाज नेमकं कुठल्या धक्क्याला बांधणार, आणि डेकच्या पातळीवरची केबिन कितीला. दुसऱ्याचं उत्तर तासाभरात आलं. पहिल्याचं अजून यायचंय, आणि ते आल्याशिवाय मी आगाऊ रक्कम भरणार नाही.