आर्टेमिया, मायक्रोवर्म आणि मोइना: फायटरच्या पिल्लांसाठी सोलापूरच्या हवेत वापरून

सोलापुरात राहून ज्यांना फायटर म्हणजे बेट्टा माशाची पिल्लं वाढवायचीयत त्यांच्यासाठी, पिल्लांच्या जिवंत खाण्याबद्दल लिहितेय. आर्टेमियाची (कोळंबीसारखा खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) अंडी, मायक्रोवर्मचा (धाग्यासारखे बारीक जंत) स्टार्टर आणि मोइनाचा (गोड्या पाण्यातले पिसवेसारखे बारीक जीव) स्टार्टर, म्हणजे वाढवायला आणलेलं थोडं जिवंत विरजण, तिन्ही विकत आणून वापरलंय, थंडीत पण आणि मे महिन्यात पण. व्हिडिओत जे दाखवतात ना ते बहुतेक एसी रूममधलं नाहीतर दमट हवेतलं असतं, आपल्याकडं 42-43 डिग्री झाली की काय करायचं ते कुणीच सांगत नाही, आणि पैसे तर तिथंच वाया जातात.

पावडर फूडवर फायटरची पिल्लं जगवायच्या भानगडीत पडूच नका. पिल्लू हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतं, पावडर नुसती तळाला बसते आणि पाणी सडवते. गप्पीची पिल्लं जन्मतःच मोठी असतात, ती काहीही खातात, त्यांचं वेगळं.

आता आर्टेमिया. खाणं म्हणून याला तोड नाही, हे आधीच सांगते. फुटलेला जीव अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी, नारिंगी, अंगात बलक भरलेला, आणि टाकीत सोडला की पिल्लं अक्षरशः तुटून पडतात. पिल्लांचं अंग पारदर्शक असतं त्यामुळं पाच-दहा मिनिटांत एकेकाचं पोट नारिंगी झालेलं बाहेरून दिसतं, टॉर्च मारून बघा, कुणाचं पोट रिकामं राहिलं तेसुद्धा कळतं. मला या छंदातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

पद्धत सगळ्यांना माहितीय, तरी आकडे देते. एक लिटर पाण्याला साधारण 25 ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा छोटा चमचा अंडी, उलटी बाटली, एअर पंपाची नळी अगदी तळापर्यंत, आणि सुरुवातीचे काही तास उजेड पाहिजेच. पाणी 26 ते 28 डिग्री असेल तर 24 तासांत फुटतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं, कवचं वर तरंगतात, जिवंत सगळे खाली, तळाशी मोबाईलचा टॉर्च धरला की उजेडाकडं ढगासारखे गोळा होतात, नळीनं ओढून घ्यायचे. सुती कापडातून गाळून गोड्या पाण्यात एकदा धुवायचे आणि लगेच द्यायचे, कारण पहिल्या काही तासांत त्यांचं तोंडच उघडलेलं नसतं, अंगातल्या बलकावर जगतात, उशीर झाला की तो बलक संपत जातो आणि पिल्लांच्या वाट्याला कमी येतं. कवचं टाकीत जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात.

आणि इथंच आपली हवा आडवी येते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या नाहीतर स्लॅबच्या खोलीत बाटलीतलं पाणी दुपारी 34-35 ला जातं आणि 33 च्या वर गेलं की अंडी नीट फुटतच नाहीत. मी बाटलीला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवते, रात्री भिजत घालते, त्यानं बराच फरक पडतो. पण लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की सगळी अंडी तळाला बसून घाण वास, बॅटरीवरचा पंप नसेल तर उन्हाळ्यात याच्या नादी लागू नका. डिसेंबर-जानेवारीत उलटं, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत रात्री इतकं गार पडतं की फुटायला दीड दिवस लागतो, तेव्हा बाटली हीटरवाल्या टाकीतच बांधून उभी करते.

अंडी घेताना सीलबंद डबा किंवा सीलबंद पाकीटच घ्या, तारीख बघून. ऑनलाईन एका विक्रेत्याकडून सुटी भरलेली झिप पाऊच आली होती, त्यावर ना तारीख ना कुठली अंडी ते, वास कुबट, निम्मीसुद्धा फुटली नाहीत. तक्रार केली तर म्हणे तुमचं मीठ चुकलं. त्याच मिठात, त्याच बाटलीत सीलबंद डब्यातली अंडी मस्त फुटली. अंड्यांना ओल लागली की खेळ खलास, म्हणून डबा उघडला की छोट्या बाटल्यांत घट्ट बंद करून फ्रीजमध्ये टाका. चांगल्या डब्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, सुट्या पाऊचला शून्य.

मायक्रोवर्म स्वस्त आणि बिनकटकटीचं काम. दुकानात ओट्स सांगतात, मी ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज शिजवून गार करून डब्यात पसरते, वर चिमूटभर यीस्ट आणि चमचाभर स्टार्टर. झाकणाला बारीक भोकं. चार-पाच दिवसांत डब्याच्या भिंतीवर चकाकणारी जाळी चढलेली दिसते, हलत असते नीट बघितलं तर, तीच इयरबडनं पुसून टाकीत बुडवायची. पिल्लं पोहायला लागल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस तोंड एवढंसं असतं तेव्हा हे फार उपयोगी. पण फक्त यावर वाढवू नका, जंत तळाला जातात आणि आर्टेमियाइतका कस नाही. आंबूस वास उग्र झाला की नवीन डबा लावा, आणि कायम दोन डबे चालू ठेवा. उन्हाळ्यात डबा जमिनीवर फरशीला टेकवून ठेवा, कपाटावर नको. पाचपैकी चार.

मोइना मी नवी पेठेकडच्या एका दुकानातून घेतलं. खरं तर आर्टेमियाच्या अंड्यांचा डबा घ्यायला गेले होते, तर दुकानातले काका म्हणाले, "ताई, मार्च लागला आता, मोइना न्या, डबा दिवाळीनंतर घ्या." स्वतःचा महागडा माल बाजूला सारून स्वस्तातलं हातात दिलं माणसानं, याला मी फार मानते. आणि बरोबर होतं त्यांचं. मोइना उष्णतेला दबत नाही, गोड्या पाण्यातलंच असल्यामुळं टाकीत मरून पाणी नासत नाही, पिल्लं खाईपर्यंत पोहत राहतं. नुकतं जन्मलेलं मोइना आर्टेमियापेक्षाही किंचित लहान, आणि नराची गरज न पडता माद्याच भराभर वाढतात.

गच्चीवर सावलीत टब ठेवा, शेजारी उन्हात एक बाटली माशांचं जुनं पाणी ठेवा, ते आपल्या उन्हानं झटकन हिरवं होतं, तेच यांचं खाणं. यीस्ट द्यायचं तर इतकंच की पाणी जरा धुरकट दिसेल आणि दुसऱ्या दिवशी परत स्वच्छ होईल, जास्त पडलं की एका रात्रीत टबातलं सगळं मोइना मरतं. मोइना लालसर दिसायला लागलं तर हवा कमी पडतेय समजा, हळू बुडबुडे सोडा. रोज पाव हिस्सा काढत राहा, काढलं नाही तरी गर्दीनं मरतात. क्लोरीनचं टेन्शन आपल्याला कमीच, नळाला पाणीच चार-चार दिवसांनी येतं, तोवर ड्रममधलं शिळं झालेलं असतं, तेच वापरायचं.

टबावर बारीक जाळी मात्र हवीच हवी. डास अंडी घालतात, घरात लहान मुलं असतात, डेंग्यूचं कारण आपला टब नको. जाळी कडेनं इलॅस्टिकनं घट्ट बसवा, नुसती टाकलेली वाऱ्यानं उडते. मोइनाला पाचपैकी पाच.

मोइनाचा स्टार्टर आणायला सकाळीच जा. पिशवी उजेडाकडं धरून बघा, झटके देत वरखाली उड्या मारणारे दाणे दिसले पाहिजेत, तळाला पांढरा गाळ असेल तर दुसरी मागा. गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हात पाणी तापून घरी पोचेपर्यंत मरतात, हातात ओल्या रुमालात धरून न्या आणि घरी आल्यावर पिशवी अर्धा तास टबात तरंगत ठेवून मगच सोडा.