घरच्या फायरवॉलसाठी: जुना डेस्कटॉप की बिनपंख्याचा डबा?

घरचा राउटर-कम-फायरवॉल स्वतः बनवायचा, तर त्यात ओपीएनसेन्स घालायचं की पीएफसेन्स (दोन्ही त्याच कामाची सॉफ्टवेअर), तो वाद इथे उकरत नाही. दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभी आहेत, त्यामुळे हार्डवेअरच्या बाबतीत दोघांचे नखरे जवळपास सारखेच. अडतं ते खोक्यापाशी. खिशाला झेपतील असे रस्ते मला दोनच दिसले. एक, ऑफिसातून निघालेला सेकंडहँड छोटा डेस्कटॉप घेऊन त्यात चार पोर्टांचं नेटवर्क कार्ड खोचायचं. दोन, इंटेल एन-१०० प्रोसेसरचा, चार इथरनेट पोर्टांचा बिनपंख्याचा डबा घ्यायचा. पहिल्यावर मी दीडेक वर्ष काढलं, आता दुसऱ्यावर आहे.

(घरात पडून असलेला रास्पबेरी पाय चालेल का, असं दर दुसरा माणूस विचारतो. त्याला इथरनेट पोर्ट एकच, दुसरा यूएसबीला लटकवावा लागतो, आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर त्यावर अधिकृतपणे चालतही नाहीत. राहू दे.)

डेस्कटॉपपासून सुरू करतो, कारण तो मला खरंच आवडायचा. ठाण्याहून दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोडवर दोन तास चपला झिजवणं यात एक मजा आहे. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, जुनीच एसएसडी. रॅम वाढवा, डिस्क बदला, पंखा उघडून पुसा. सगळं स्क्रूड्रायव्हरने होतं आणि सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. कार्ड घेतलं इंटेल आय-३५०-टी४. या कार्डाच्या नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा भाव फारच गोड वाटला तर जरा थांबा. आणि छोट्या केसला कार्ड घट्ट बसवायला अर्ध्या उंचीची पट्टी लागते. ती कार्डाबरोबर येतेच असं नाही. माझ्या कार्डाबरोबर पूर्ण उंचीची आली, आणि तेवढ्या पत्र्याच्या तुकड्यासाठी ग्रँट रोडची दुसरी फेरी झाली.

वेगाबद्दल फार बोलत नाही. माझा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे आणि तेवढ्यावर दोघंही जांभया देतात. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं कनेक्शन) असेल तर फ्रीबीएसडीवर बराचसा भार एकाच कोअरवर पडतो, म्हणून कोअर किती यापेक्षा एकेक कोअर किती दमदार हे पाहावं. त्यात एन-१०० आणि माझा जुना आय-फाइव्ह यांच्यात मला तरी फरक जाणवला नाही. सुरिकाटाचे (घुसखोरी हेरणाऱ्या सॉफ्टवेअरचे) ढीगभर नियम लावून प्रत्येक पॅकेट तपासायचा बेत असेल, तर मात्र डेस्कटॉपकडे झुकायला मी हरकत घेणार नाही. पंखा आहे, दम आहे.

आता ज्याने मला डेस्कटॉपवरून उठवलं ते.

आम्ही वसंत विहारच्या बाजूला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो. पावसाळ्यात वीज तासन् तास जाते असं नाही; ती डोळा मिचकावते. घरात इन्व्हर्टर आहे. दिवा लवतो, छताचा पंखा क्षणभर श्वास घेतो, बाकी कुणाला काही कळत नाही. डेस्कटॉपला मात्र कळायचं. मुख्य लाइन जाऊन इन्व्हर्टर पकडेपर्यंतचा तो निमिष त्याच्या म्हाताऱ्या एसएमपीएसला, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायला, सोसायचा नाही आणि तो रीस्टार्ट व्हायचा. फायबरची तार जिथे येते त्या खोक्याला, म्हणजे ओएनटीला, मी आधीच १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलेला, त्यामुळे त्याचे हिरवे दिवे अगदी शांत. दिवे आहेत, वायफाय दिसतंय, नेट नाही. दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत यायचं, पण ऑफिसच्या कॉलमध्ये दोन-तीन मिनिटं म्हणजे केवढी, ते सांगायला नको.

तेही चालवून घेतलं. मग जुलैत एका दुपारी मी ऐरोलीला ऑफिसात असताना आईचा फोन. “अरे, नेट सकाळपासून नाही. तो काळा डबा गप्प पडलाय. बटण दाबू का?” दाबायला सांगितलं. घुंघुं सुरू झालं, पण नेट नाही. संध्याकाळी घरी येऊन स्क्रीन जोडायला गेलो, तर डेस्कटॉपला व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट, आणि टीव्हीला फक्त एचडीएमआय. शेजाऱ्यांकडून जुना मॉनिटर उचलून आणला, कीबोर्ड लावला. पडद्यावर एवढंच: तारीख-वेळ लावलेली नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा.

मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल मेला होता. वीज मिचकावली तशी बायोस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) सगळं विसरलं, ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ ही सेटिंगही विसरलं, आणि आईने बटण दाबल्यावर पठ्ठ्या कुणीतरी एफ-१ दाबेल म्हणून संध्याकाळपर्यंत वाट बघत बसला.

न्यायाने बोलायचं तर दोष डेस्कटॉपचा नाही, माझा. दोन वडापावांच्या पैशांत सेल येतो, तो घेतानाच बदलायला हवा होता. एसएमपीएस नवा घातला असता किंवा चांगला यूपीएस मागे लावला असता, तर मिचकावण्याचाही बंदोबस्त झाला असता. पण त्या मॉनिटरसमोर उकिडवा बसलेलो असताना ओएनटीचे ते शांत हिरवे दिवे दिसत होते, आणि वाटलं, राउटरही १२ व्होल्टवरच का चालू नये?

एन-१०० चे बहुतेक डबे १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात. म्हणजे ओएनटीला लावतो तसलाच छोटा यूपीएस, फक्त जरा जास्त अँपिअरचा. दोन गोष्टी आधी बघा. डब्याच्या अ‍ॅडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलेत ते, आणि पिनेचं माप. ओएनटीच्या पिना बहुधा ५.५ बाय २.१ मिमीच्या, या डब्यांच्या पुष्कळदा ५.५ बाय २.५ च्या. दिसायला जुळ्या बहिणी, पण २.१ च्या पिनेचं आतलं भोक लहान, २.५ च्या सॉकेटमधला जाड काटा त्यात शिरत नाही. पाच मिनिटं जोर लावल्यावर हे ज्ञान मला झालं.

डब्याची गाऱ्हाणी आहेतच. रॅमचा स्लॉट एकच. बनवणाऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नसतं, बायोसचा नवा अपडेट येईल अशी आशा धरू नये. बिघडला तर दुरुस्त करणारा ठाण्यात शोधून सापडायचा नाही. आणि तापतो. मे महिन्यात तळहात ठेवून तीनपर्यंत मोजता यायचं, चार म्हणेपर्यंत हात निघायचा. टीव्हीच्या बंद कपाटातून काढून उघड्या फळीवर उभा केला, तेव्हापासून दहापर्यंत मोजता येतं. पोर्ट इंटेलच्या आय-२२६ नेटवर्क चिपचे घ्या. आय-२२५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होता. रिअलटेकचे पोर्ट स्वस्त पडतात, पण मग ओपीएनसेन्समध्ये वेगळा ड्रायव्हर प्लगइन टाकण्याची तयारी ठेवा. आणि डबा असो की डेस्कटॉप, इन्स्टॉल करताना डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टिम निवडा. अचानक वीज गेल्यावर ते जुन्या यूएफएसपेक्षा पुष्कळ सोशिक आहे.

विजेच्या बिलाचं मीटर लावून मोजलेलं नाही. पण चोवीस तास चालणारे दर १० वॅट वर्षाला साधारण ८८ युनिट खातात, आणि यात डबा डेस्कटॉपपेक्षा कमी खातो याबद्दल फार वाद होऊ नये.

घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत राहणारे म्हणतील, आमच्याकडे जनरेटर आहे. असेल. तो सुरू होईपर्यंतचे काही सेकंद तेवढे धरा. घरात आधीच कॉम्प्युटरचा यूपीएस असेल आणि त्यावर जागा असेल, तर डेस्कटॉप अजूनही वाईट सौदा नाही, उलट स्वस्त पडेल.

माझं आय-३५० कार्ड कपाटात तसंच आहे, अर्ध्या उंचीच्या पट्टीसकट. ओळखीतला कुणी डेस्कटॉपवर अडून बसलाच तर त्याला ते देईन, आणि सोबत एक नवा सेल.