सातची शाळा: चहा-बिस्किट, पावडरचं दूध की फोडणीची पोळी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. पण मूल पाचवीत आलं की बऱ्याच शाळांत पुन्हा सातची घंटा. म्हणून जूनच्या पालकसभेत हमखास प्रश्न येतो, "बाई, सव्वासहाला त्याच्या घशाखाली काही उतरत नाही. काय देऊ?" माझ्या वर्गाला पहिल्या दोन तासिका गणिताच्या आहेत. कोण काय खाऊन आलंय, ते मला वहीत दिसतं.

सगळ्यात जास्त मुलं चहा-बिस्किटावर येतात. आईची धावपळ मला कळते. दोन मिनिटांत काम होतं. पण बिस्किट म्हणजे मुख्यतः मैदा, साखर आणि तेल. परिपाठाला मूल तरतरीत असतं, साडेआठला जांभया सुरू. शिवाय चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. आपल्या राज्यात पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आढळलं. तीच मुलं पुढे आमच्या वर्गात येतात. लोह कमी पडलं की मूल लवकर थकतं, लक्ष टिकत नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

दुसरा पर्याय डब्यातली चॉकलेटी पावडर घातलेल्या दुधाचा. दूध उत्तमच. पावडरीसाठी मात्र पैसे मोडू नका. डब्यामागची साखरेची ओळ वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं होतं. तेवढ्याच पैशांत महिन्याचे शेंगदाणे आणि गूळ येतो.

माझं मत तिसऱ्या पर्यायाला: रात्रीच्या पोळीला किंवा भाकरीला फोडणी, मूठभर दाणे, वर लिंबू. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह नीट शोषलं जातं, दाण्यातून प्रथिनं मिळतात, आणि पोट मधल्या सुट्टीपर्यंत शांत राहतं. अंडं चालत असेल तर एका उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. नाचणीची आंबील ज्यांच्या घरी होते त्यांनी तर दुसरं काही शोधूच नये.

"शाळेत खिचडी मिळतेच की," असंही पालक म्हणतात. मिळते, आणि ती मुलांनी खायलाच हवी. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी त्या आहारात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असावीत असा नियम आहे; वेफर्सच्या डब्यापेक्षा ती कितीतरी सरस. पण ती मधल्या सुट्टीत मिळते. आदल्या रात्री आठला जेवलेलं मूल तोवर तेरा-चौदा तास उपाशी असतं, आणि भागाकार त्याआधीच शिकवून झालेला असतो.

ग्रामीण जमैकात ८०० हून अधिक शाळकरी मुलांवर झालेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना शाळेत वर्षभर नाश्ता दिला, बाकीच्यांना संत्र्याची पाव फोड. नाश्ता मिळालेल्यांची हजेरी थोडी वाढली, आणि त्यांच्यातल्या लहान मुलांचं अंकगणित सुधारलं. फरक मोठा नव्हता, हे मी पालकांना स्पष्ट सांगते. नाश्त्याने नापास मूल पहिलं येत नाही. रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्याला पोळीही फारशी वाचवणार नाही.

तरी एक मुलगा डोळ्यांसमोर येतो. वजाबाकीत हातचा घ्यायचा हे त्याला पाठ, तरी सव्वाआठच्या सुमारास रोज विसरायचा आणि बाकावर डोकं टेकायचा. आईशी बोलले. तिने अर्ध्या पोळीला तूप आणि दाण्याची चटणी लावून गुंडाळी द्यायला सुरुवात केली. दिवाळीनंतर त्याचं डोकं बाकावर दिसलं नाही. हातचे अजूनही चुकायचे, पण विचारलं की स्वतः शोधून काढायचा.

सव्वासहाला खरंच जात नसेल तर जबरदस्ती करू नका. दोन घास आणि अर्धा पेला दूध घरी, उरलेली गुंडाळी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. आणि वर्गशिक्षकांना एकदा सांगून ठेवा. दुसऱ्या तासिकेआधी दोन मिनिटं खाऊ दिलं म्हणून कुणाचा अभ्यासक्रम मागे पडत नाही.