माझीच हार्ड डिस्क मी दोनदा विकत घेतली

मी अमळनेरला लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे आमच्याकडे लग्नांची रांग लागते, आणि कॉम्प्युटरने नेमका तोच मुहूर्त धरला. डी ड्राइव्हची पट्टी लालभडक, हळदीच्या शूटिंगचं मेमरी कार्ड उतरवायला जागा नाही. पंधरा दिवस रोज काही ना काही डिलीट करत होतो, पण मोकळ्या जागेचा आकडा जागचा हलेना.

कॉम्प्युटरचा डबा उचलला आणि भुसावळ गाडीने जळगाव गाठलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदाराने पाच मिनिटं खटखट केलं आणि चेहरा पाडून म्हणाला, "भाऊ, डिस्कचे सेक्टर मेलेत. डिलीट केलं तरी जागा सुटत नाही म्हणजे तेच. आज-उद्या बसेल, मग लग्नं गेली समजा." सेक्टर म्हणजे डिस्कवरचे माल साठवायचे बारीक कप्पे. लग्नं जाणार म्हटल्यावर शूटिंगवाल्याचं डोकं चालतं का? नवी एक टीबी डिस्क 3,600, डेटा शिफ्टिंगचे 1,500, आणि जुनी 'मेलेली' डिस्क त्याने 300 रुपये भंगार भावात ठेवून घेतली. रोख 4,800 दिले. पावती मिळाली ती साध्या चिठोऱ्यावर.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला, तर पट्टी तशीच लाल. फोन केला. "डेटा तेवढाच आहे ना भाऊ, मग जागा तेवढीच भरणार. दोन टीबी घेऊन टाका." खरं तर इथेच मला कळायला हवं होतं. जुनी डिस्क सेक्टर मेल्यामुळे भरलेली दिसत होती, तर नवी धडधाकट डिस्क का भरली?

भाचा धुळ्याला इंजिनिअरिंगला आहे, तो सुट्टीत आला होता. त्याने आधी रिसायकल बिन उघडलं. 38 जीबी! पंधरा दिवसांत काढलेलं सगळं तिथे मुक्काम करून होतं. विंडोजमध्ये डिलीट म्हणजे फाइल पुसणं नव्हे. ती त्याच ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये सरकते आणि बिन रिकामं करेपर्यंत जागा अडवून बसते. आई शेजारी शेंगा सोलत होती, ती म्हणाली, "केर काढीसन दारना मांगे लोटी दिन्हा, मंग घर साफ कसं व्हई?" दुकानदाराने जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवली होती, म्हणजे हा केरही मी 1,500 रुपये देऊन हलवून आणला होता.

पण खरा घोळ दुबार फाइलींचा होता, आणि तो माझाच. आधी उतरवलंय की नाही याची खात्री नसली की मी कार्ड पुन्हा उतरवायचो. एडिटला बसताना अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी करायचो, कट-पेस्ट करायला हात धजायचा नाही. एकेका लग्नाच्या तीन-तीन प्रती निघाल्या. 100 एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिटने घेतलेलं फोरके शूटिंग तासाला 45 जीबी खातं, ते तीनदा! दुबार माल 260 जीबी निघाला, वर एडिटिंग सॉफ्टवेअरने स्वतःच्या कामासाठी बनवलेल्या तात्पुरत्या फाइलींचे, म्हणजे कॅशचे 64 जीबी.

आता जपायची गोष्ट. दुबार दिसली म्हणून प्रत उडवू नका. मी उत्साहात एक उडवली, आणि एका चालू लग्नाची अख्खी टाइमलाइन (एडिटिंगची पट्टी) 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे फाइल सापडत नाही, म्हणून लाल झाली, कारण प्रोजेक्ट नेमका त्याच प्रतीला जोडलेला होता. ती बिनमधून परत काढली. म्हणजे त्या बिनने एकदा वाचवलंही, हेही सांगायला हवं. तेव्हापासून लग्नाचा माल पार्टीच्या हातात पडल्याशिवाय मी तिथल्या प्रतींना हात लावत नाही.

भाच्याने सहज म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, डिस्कची तब्येत आणि ती एकूण किती तास चालली ते दाखवतं. माझी 'नवी' डिस्क 14,000 तास चाललेली! रोज आठ तास धरले तरी जवळजवळ पाच वर्षं. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला, तर वॉरंटी केव्हाच संपलेली. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडून घेतल्याचं बिल दाखवा." 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच. माझ्याकडे चिठोरं.

जून लागला. धरणगावच्या एका शूटिंगवाल्या मित्राचा फोन आला. त्याच्याकडून चुकून एक फोल्डर उडालं होतं, म्हणून त्याने डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवलं. त्याच्या फाइली आल्याच, सोबत पाच-सहा परकी लग्नंही वर आली. एकात सुरुवातीलाच माझ्या स्टुडिओचं टायटल. डिस्क त्याने जळगावात त्याच दुकानातून सेकंडहँड घेतली होती, 1,400 ला. दुकानदाराने नुसतं क्विक फॉरमॅट मारलेलं. क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी कोरी होते, माल जागेवरच राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. लोकांच्या लेकीबाळींची हळद कुणाच्या हाती पडली असती, हा विचार करून मला दोन रात्री झोप नव्हती.

मी विचारलं, "डिस्कची तब्येत काय म्हणते?"

"गुड. एक सेक्टर खराब नाही रे भो."

पाळधीला चहाच्या टपरीवर भेटलो. 1,400 रुपये मोजून माझी डिस्क परत घेतली. ती आता कॉम्प्युटरमध्ये चालू आहे, साडेतीनशे जीबी रिकामी. ती 14,000 तासवाली कपाटात पडलीय. विकायला मन होत नाही, तिच्यावरही तीच लग्नं आहेत.