कुलूप आमच्या दाराला, ॲडमिन त्याच्या खिशात

ललिता पंचमीच्या आदल्या रात्री पावणेदहाला नांदेडहून आलेलं सात जणांचं कुटुंब आमच्या लॉजच्या काउंटरवर उभं होतं. बुकिंग होतं, पैसे भरलेले होते, खोल्या झाडून-पुसून तयार होत्या. फक्त खोल्यांची कार्डाने उघडणारी दारं उघडत नव्हती. काउंटरवरचा पोरगा कोरं कार्ड मशीनवर ठेवायचा आणि स्क्रीनवर लाल पट्टी यायची : पासवर्ड चुकीचा. पासवर्ड तोच होता, वर्षभर रोज टाकत होतो तोच.

ज्याने कुलपं बसवली त्याला फोन लावला. त्याने तिसऱ्या फोनला उचलला आणि शांतपणे सांगितलं, "वहिनी, तुमचं क्लाउड रिन्यूअल राहिलंय. कुलपाला बाराशे वर्षाला. अठरा कुलपांचे एकवीस हजार सहाशे टाका, पाच मिनिटांत चालू करून देतो."

नवरात्रात कोल्हापुरात लॉजवाल्याची काय अवस्था असते, हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाणार, कोहळा फुटणार, गावात पाय ठेवायला जागा नाही. त्याने दिवस बरोबर निवडला होता.

आता मागचं सांगते, कारण चूक त्या रात्री झाली नाही. ती त्याआधी वर्षभर, २०२३ च्या गणपतीनंतर झाली.

आमचा लॉज महाद्वार रोडपासून चालत पाच मिनिटांवर. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी सुरू केलेला. अठरा खोल्या, सागवानी दारं, अलिगढची कुलपं आणि प्रत्येक चावीला लाकडी ठोकळा, म्हणजे गिऱ्हाईक खिशात घालून गावाला नेणार नाही. तरी नेतातच. वर्षाला दहा-बारा चाव्या जायच्या. त्यातली एक कोणाच्या हातात पडली आणि तो महिन्याभराने परत आला तर काय, ही धास्ती मला होती. म्हणून कार्डाची कुलपं घ्यायचं मीच ठरवलं. अण्णांचा विरोध होता, पण त्यांनी "तुझा कारभार, तू बघ" एवढंच म्हटलं.

विक्रेता हॉटेलवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटला. पुण्याहून यायचा. माणूस गोड, आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ गोष्टी खऱ्या सांगायचा. "लाईट गेली तर?" हा आमचा पहिला प्रश्न. २०१९ चा आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या गावात तो येणारच. त्याने सांगितलं, कुलूप चार पेन्सिल सेलवर चालतं, लाईटशी संबंध नाही, सेल संपत आले की आधी सूचना देतं, अगदीच बंद पडलं तर खालून पॉवर बँक लावून उघडता येतं. सगळं खरं. नेट गेलं तरी दार अडत नाही, कारण कार्डावर खोलीचा नंबर आणि चेकआउटची वेळ लिहिलेली असते आणि कुलपात स्वतःचं घड्याळ असतं. वेळ संपली की कार्ड बाद. हेही खरं.

खोटं होतं ते त्याने सांगितलंच नाही, आणि मी विचारलं नाही. ती कार्डं लिहिणारं सॉफ्टवेअर ज्या खात्यावर चालतं, ते खातं कोणाचं?

खातं त्याचं होतं, म्हणजे ॲडमिन, सगळा ताबा असलेला, तो. त्याचा मोबाईल, त्याचा ईमेल. आम्हाला त्याने खालच्या दर्जाचं लॉगिन दिलं होतं, जसं आपण भाडेकरूला एक चावी देतो तसं. बसवताना मी एकदा म्हटलंही होतं, की आमच्या नंबरवर करून द्या. "ते नंतर करू, वहिनी. आधी सगळी कुलपं एकदा नीट बसू देत." मग कुलपं नीट बसली आणि मी विसरले.

हिशेब असा. कुलूप ७,८०० रुपये, अठरा कुलपांचे १,४०,४००. कार्ड लिहायचं यंत्र सहा हजार, दोन गेटवे, म्हणजे कुलपं इंटरनेटला जोडणारी यंत्रं, सहा हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी. एकूण १,७९,८३२. लाख रुपये आधी, बाकी काम झाल्यावर. बिल फर्मच्या नावाने आलं, पण पैसे एका माणसाच्या बचत खात्यावर मागितले. "करंट अकाउंटचं काम चाललंय." इथेच थांबायला हवं होतं. बिलावरचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होत होता, महाराष्ट्राचाच, म्हणून मला बरा वाटला. पोर्टलवर तो नंबर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं. आमच्या सीएने तो वर्षाने बघितला, तेव्हा नोंदणी रद्द झालेली होती, आणि तीही आमच्या बिलाच्या तारखेआधी. म्हणजे सत्तावीस हजारांचा कर त्याने घेतला, तो सरकारकडे गेलाच नाही आणि आम्हाला आमच्या करात त्याची वजावटही (क्रेडिट) नाही.

पैशापेक्षा मला दारांचं वाईट वाटतं. ही कुलपं दाराच्या कडेत खोल खाच पाडून बसवतात. सुतारमामांनी पहिल्या दाराला पटाशी लावण्याआधी विचारलं होतं, "वहिनी, एकाच दाराला बसवून बघूया का पंधरा दिवस? सागवानाला एकदा भोक पडलं की पडलं." मी म्हटलं, करा सगळ्यांना. विक्रेत्याने तीन दिवसांची मुदत दिली होती ना! खरं तर त्या विक्रेत्याचा आमच्यावरचा खरा ताबा ॲपमधून नव्हता, त्या अठरा खाचांमधून होता. कुलूप काढून फेकलं तर दाराला तळहाताएवढं भगदाड, आणि ते घेऊन नवरात्रात खोली कोणाला देणार?

त्या रात्री काय केलं? प्रत्येक कुलपाच्या मुठीखाली एक झाकण असतं, त्याच्या आड साध्या चावीचं भोक. अडीअडचणीसाठी दोन चाव्या मिळाल्या होत्या. त्यातल्या एकीने नांदेडच्या मंडळींच्या खोल्या उघडल्या. पण दार ओढलं की आपोआप बंद होणार, म्हणून माणूस खाली पाणी आणायला गेला तरी परत यायला चावी लागणार. अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे. पॅसेजमध्ये खुर्ची टाकून रात्री दोनपर्यंत ती चावी घेऊन बसले आणि येईल त्याला दार उघडून देत राहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळी मी पैसे भरले. होय, भरले.

तीच चावी जादा करून घ्यावी म्हणून दुपारी चावीवाल्याकडे गेले, तेव्हा आणखी एक उलगडा झाला. अठराही कुलपांना ती एकच चावी लागत होती आणि तिची नक्कल त्याने पन्नास रुपयांत करून दिली. वर आमचं कार्ड हातात घेऊन म्हणाला, "ह्येबी करून देऊ काय?" हातात मावणाऱ्या यंत्रावर आमचं कार्ड धरलं, मग एक कोरं धरलं, आणि मी घरी येऊन लावलं तर तीन नंबरची खोली उघडली! कोटेशनमध्ये कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झचं, म्हणजे त्या रेडिओ लहरींवर चालणारं, लिहिलं होतं, नमुन्याचं कुलूपही तसलंच दाखवलं होतं. प्रत्यक्षात आली ती १२५ किलोहर्ट्झची, जी कोणीही उतरवून घेऊ शकतं. आता १३.५६ म्हणजे पक्कं, असंही नाही. त्यातल्या मायफेअर क्लासिक नावाच्या जुन्या कार्डाचं गुपित संशोधकांनी २००८ मध्येच फोडलेलं आहे, आणि स्वस्त माल अजून त्यावरच येतो. मोठ्यांचंही चुकतं. मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं, की सॅफलॉक जातीची, जगभरातल्या हॉटेलांतली तीस लाखांहून जास्त दारं बनावट कार्डाने उघडता येतात. पण तिथे कंपनीला आधी कळवलं होतं आणि ती कुलपं दुरुस्त करत होती. आमच्या विक्रेत्याच्या मालात उद्या असं काही निघालं, तर दुरुस्त कोण करणार होतं?

पैसे भरल्यावर लॉगिन चालू झालं. इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने त्याच दिवशी सगळी नोंद उतरवून घेतली. कुठलं दार, किती वाजता, कशाने उघडलं. त्यात सात नंबरची खोली वर्षभरात दोनदा ॲडमिनच्या मोबाईलवरून उघडलेली दिसली. गेटवे असल्यामुळे ते पुण्यात बसूनही करता येतं. एकदा खोली रिकामी होती. एकदा नव्हती. विक्रेता म्हणाला, "टेस्टिंग केलं असेल पोरांनी." मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग वकिलांकडून नोटीस आणि सायबर पोलिसांकडे तक्रार. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करावा, हे मला तिथे कळलं. आमचा मोठा व्यवहार वर्षापूर्वीचा, त्याला फार उशीर झालेला. व्यवहार २०२३ चा म्हणून जुनं ४२०; १ जुलै २०२४ पासूनचा असता तर भारतीय न्याय संहितेचं ३१८, असं वकिलांनी सांगितलं. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून समोरचा पहिला आक्षेप तोच घेणार. आपण स्वतः राबून पोट भरतो, हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी. ते अजून चालू आहे.

नोटीस गेल्यावर त्याने एक पोरगा पाठवला. कुलूप खात्यातून मोकळं करायचं तर त्याच्याजवळ उभं राहून करावं लागतं. पोराने खालच्या मजल्यावरची अकरा मोकळी करून दिली, पुतण्याने ती लगोलग आमच्या नंबरवर घेतली. मग पोरगा "मिसळ खाऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. फोन बंद.

वरच्या मजल्यावरची सात कुलपं शेवटी काढली. भगदाडांवर बसवायला उद्यमनगरातून पितळी पट्ट्या कापून आणल्या आणि त्यावर पुन्हा साधी लॅचची कुलपं. दारं बघून कोणी विचारतं, जुनी नक्षी आहे का? अण्णा हो म्हणतात. खालच्या अकरांमधले कार्ड वाचणारे भाग बदलले, आणि नवी कार्डं नि नवं यंत्र घेतलं, एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती गुप्त भाषेत लिहिणारी. खातं लॉजच्या ईमेलवर, पासवर्ड माझ्याकडे आणि बंद पाकिटात अण्णांच्या कपाटात. गेटवे काढून टाकले. दुरून दार उघडायची आम्हाला गरजच काय?

मागच्या आठवड्यात पन्हाळ्यावर लॉज असलेल्या ओळखीच्या दादांनी मला एक कोटेशन पाठवलं, बघून सांगा म्हणून. फर्मचं नाव वेगळं, कुलूप ७,८००, आणि "सिक्युरिटी" च्या स्पेलिंगमध्ये तीच चूक. मी त्यांना एवढंच म्हटलं, की ॲडव्हान्स देण्याआधी एक कुलूप टेबलावर ठेवून तुमच्या नंबरवर खातं उघडून मागा, मग काय म्हणतो ते कळवा.

संध्याकाळी त्यांनी विक्रेत्याचा मेसेज पुढे पाठवला. "ते नंतर करू, दादा."