स्लॅबमधली नाणी: सोळा महिन्यांनंतर

ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये मी बारा वर्षं जमवतोय. सीलबंद प्लास्टिकच्या स्लॅबमधलं ग्रेडेड, म्हणजे कंपनीने तपासून दर्जाचा आकडा दिलेलं नाणं मात्र मागच्या वर्षी पहिल्यांदा घेतलं. तेव्हापासून सोळा महिन्यांत अकरा स्लॅब घेतले, दोन विकले आणि घरातली चार नाणी ग्रेडिंगला पाठवली. हल्ली लिलावाच्या यादीत ‘ग्रेडेड’ हा एक शब्द दिसला की भाव दुपटीने सुरू होतो. तो वाढीव पैसा कुठे द्यावा आणि कुठे हात आखडावा, याबद्दल माझं मत या काळात बरंच बदललं.

स्लॅबकडे वळलो ते 1911 च्या रुपयामुळे. पंचम जॉर्जच्या झग्यावर साखळीत एक छोटा हत्ती आहे. त्या वर्षीच्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. आरडाओरड झाली, पुष्कळशी नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि 1912 पासून सोंड नीट दिसू लागली. म्हणून 1911 ला मागणी. मी एका प्रदर्शनात तो घेतला, वजन केलं, वाजवूनही पाहिला. 11.66 ग्रॅमच्या आसपास वजन, आवाज खणखणीत. घरी आल्यावर दिव्याखाली कड फिरवली तेव्हा राजाच्या मुकुटाच्या बरोबर वर कडेचे दाते पाच-सहा मिलिमीटर वेगळे दिसले: जरा उथळ, जरा तिरके, नंतर कानशीने पाडलेले. कधीतरी त्या रुपयाला कडी लावून तो माळेत ओवला असणार. नंतर कडी काढून कुणीतरी जागा सफाईने बुजवली होती. विक्रेत्याने हात वर केले. नाणं अस्सल होतं, पण मी निर्दोष नाण्याचे पैसे मोजले होते.

स्लॅबचा खरा उपयोग इथे आहे. पीसीजीएस आणि एनजीसी या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या 1980 च्या दशकात सुरू झाल्या. त्या नाणं विकणाऱ्याच्याही बाजूच्या नसतात आणि घेणाऱ्याच्याही. आधी नाणं अस्सल आहे का ते ठरतं, मग त्यावर कारागिरी झाली आहे का ते बघितलं जातं. धुतलेलं, घासलेलं, कडी काढलेलं, ओरखडलेलं असेल तर आकडी ग्रेड न देता लेबलवर ‘डिटेल्स’ आणि दोषाचं नाव येतं. निर्दोष असेल तर 1 ते 70 मधला आकडा. 60 पासून पुढे न वापरलेली नाणी. माझा 1911 कुणी आधी स्लॅब केला असता तर दोष लेबलवरच छापलेला असता.

आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची रीत आहे. स्लॅबमधलं नाणं वाजत नाही, त्याचं वजन करता येत नाही, कडही नीट दिसत नाही. विश्वास सगळा लेबलवर ठेवायचा. खोटे स्लॅबही निघालेत आणि त्यांच्यावरचे नंबर खऱ्या नाण्यांचे उचललेले असतात. त्यामुळे कंपनीच्या साइटवर नंबर टाकून तो ‘आहे’ एवढं बघून थांबू नका. तिथे फोटो असेल तर एखादा डाग किंवा ओरखडा निवडून तो हातातल्या नाण्यावर त्याच जागी आहे का ते भिंगाने पाहा. मी अकराही स्लॅबचं हे केलं. दोन नंबरांचे फोटो नव्हते, ते दोन फक्त ओळखीच्या माणसाकडून घेतले.

आता आकड्यांबद्दल. माझ्याकडे 1918 चे तीन रुपये आहेत, 62, 63 आणि 64 ग्रेडचे. 1918 हे अगदी भरपूर पाडलं गेलेलं वर्ष, दुर्मीळ काहीच नाही. मला ते अनुक्रमे 6,800, 9,500 आणि 19,000 ला पडले. एका रविवारी लेबलांवर कागद चिकटवून मी ते टेबलावर फिरवून ठेवले आणि दिव्याखाली तिरके करून क्रम लावायचा प्रयत्न केला. झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, ती तिघांचीही फिरत होती. 64 वाल्याच्या गालावर पोत्यात आपटल्याच्या खुणा कमी होत्या, हे खरं. पण 62 वाल्यावर कडेने निळसर-सोनेरी टोनिंग, म्हणजे काळाने येणारा रंग, चढलेलं होतं आणि मला तोच सर्वांत सुंदर वाटला. तीन संध्याकाळी प्रयत्न केला, दोनदा क्रम चुकला. साडेनऊ हजारांचा तो एक आकडा मला डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. 64 घेतल्याचा मला आज पश्चात्ताप होतो.

तो मी घेतला कशासाठी, तर यादीत लिहिलं होतं, ‘पॉप्युलेशन फक्त 6, यापेक्षा वर एकही नाही’. पॉप्युलेशन म्हणजे त्या कंपनीने त्या ग्रेडची अशी किती नाणी तपासली याची मोजदाद. अमेरिकन डॉलरच्या बाबतीत तिला अर्थ आहे, कारण ती नाणी तिथे प्रचंड संख्येने तपासली जातात. आपल्या रुपयाचं तसं नाही. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पंचम जॉर्जचे 1911 ते 1922 चे रुपये आता सगळेच त्या रेषेपलीकडे गेले आहेत. म्हणजे परदेशातल्या कंपनीचा तो ‘6’ आकडा मुख्यतः या ना त्या वाटेने आधीच बाहेर गेलेल्या रुपयांतून येतो. साताऱ्यातल्या, अकोल्यातल्या कपाटांत, तिजोऱ्यांत जे पडून आहे ते त्यात नाही. नाणं दुर्मीळ असणं आणि नाणं तपासायला न जाणं या दोन गोष्टी तो आकडा एकत्र करतो, आणि आपण पहिलीचे पैसे देतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

स्वतःची चार नाणी मी पाठवली ती अर्थातच शंभर वर्षांच्या आतली. एका मध्यस्थामार्फत पाठवली, परत यायला पाच महिने लागले, आणि फी, विमा, टपाल धरून प्रत्येकी साडेचार हजारांच्या आसपास खर्च आला. 1947 च्या निकेलच्या रुपयाला, म्हणजे वाघाच्या रुपयाला, 64 मिळाले. आजीच्या देवघरातला 1938 चा रुपया ‘क्लीन्ड’ होऊन आला. दर लक्ष्मीपूजनाला आजी त्याला रांगोळीने घासायची, त्यामुळे राजाच्या मानेवर बारीक रेषांचं जाळं आहे. भिंगाखाली त्या रेषा गोल गोल फिरलेल्या दिसतात, अंगठा फिरेल तशा. आपल्या घरांतले पुष्कळसे रुपये याच पायरीवर अडतील, म्हणून घरातलं नाणं पाठवण्याआधी एकदा तिरक्या उजेडात मान आणि गाल पाहून घ्या. माझे साडेचार हजार वाचले असते.

शिवराई घेणाऱ्यांनी तर आकड्याकडे बघूच नये असं माझं मत आहे. ही 1 ते 70 ची पट्टी मुळात विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडलेली. शिवराई हातोड्याने ठोकलेली, ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, यातली किती अक्षरं तुकड्यावर आली यावर जाणकार भाव करतो. ‘शिव’ अर्धं कापलेली पण कमी झिजलेली शिवराई ग्रेडमध्ये वर जाते, आणि सगळी अक्षरं असलेली जरा झिजलेली खाली येते. मी मात्र दुसरी घेईन, सुट्टीच, म्हणजे स्लॅबशिवायची घेईन.

विकताना मात्र स्लॅबने मला चांगला हात दिला. सुट्टा रुपया विकायचा तर माणूस येतो, भिंग लावतो, ‘धुतलेला वाटतोय’ म्हणतो, आठवड्याने पुन्हा फोन करतो. माझा 63 चा एक स्लॅब नागपूरच्या एका संग्राहकाने फोटो आणि नंबर बघून त्याच संध्याकाळी घेतला, घासाघीस जवळजवळ झालीच नाही. मूळ किमतीवर थोडे पैसेही सुटले.

सध्या 1917, 1918, 1919 असे सहज मिळणारे रुपये मी पुन्हा सुट्टेच घेतोय, ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, हातात घेऊन, वाजवून. 1939 चा मुंबई टांकसाळीचा रुपया अजून माझ्याकडे नाही. जुन्या 91.7 टक्के चांदीचा तो शेवटचा रुपया, 1940 पासून चांदी निम्म्यावर आली. त्याच्या इतक्या नकला फिरतात की सुट्टा कितीही स्वस्त मिळाला तरी मी हात लावणार नाही. त्यासाठी पैसे बाजूला ठेवतोय. स्लॅबमधला, फोटो जुळणारा मिळाला तर ग्रेड 40 असली तरी चालेल.