सोलापुरी जेवणात स्टोनवेअरचे वाडगे: उन्हाळा ते दिवाळी

पुण्यातील एका प्रदर्शनातून आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर स्टोनवेअरचे, म्हणजे खूप उष्णतेत भाजलेल्या घट्ट मातीचे, हे वाडगे आणि ताटल्या घेतल्या, आणि तेव्हापासून रोजच्या जेवणात त्याच वापरत आहोत. घडवणारा कलाकार पुद्दुचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेला आहे. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ मध्ये ही पॉटरी सुरू केली. मीकर यांनी शिकवण्याकडे आणि मोठ्या शिल्पांकडे लक्ष दिले, तर जपानमधील बिझेन येथे शिकून आलेल्या स्मिथ यांनी वापराच्या भांड्यांचे उत्पादन सांभाळले. एखादीच शोभेची वस्तू घडवण्यापेक्षा वाडगा, कप, किटली असे नेहमीचे आकार वर्षानुवर्षे चाकावर उतरवत राहण्याचा त्यांचा मार्ग मला फार मोलाचा वाटतो, कारण काठ किती जाड ठेवायचा आणि तळाला वळण कुठून द्यायचे हे अशा सरावातूनच हाताला कळते.

त्याचा प्रत्यय कडक भाकरी खाताना येतो. भाकरी आमटीत चुरून खाताना स्टीलच्या सरळ भिंतीच्या वाटीत शेवटचा घास कडेला अडकून राहतो. या वाडग्याला आतून कोपराच नाही, त्यामुळे बोटे तळापासून काठापर्यंत सहज फिरतात. काठ बाहेरच्या बाजूला किंचित जाड असल्याने आमटी गरम असतानाही वाडगा उचलता येतो आणि उरलेली आमटी ओठाला लावून पिता येते.

स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजले जाते. त्या उष्णतेत माती इतकी घट्ट होते की ती पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून शेंगाचटणीचे तेल आणि लसणाचा वास भांड्यात मुरत नाही. मात्र याच गुणामुळे दही मातीच्या लोटक्यातल्याइतके घट्ट लागत नाही, कारण लोटक्याची सच्छिद्र माती दह्यातले पाणी ओढून घेते. दह्यासाठी आम्ही लोटकेच ठेवले आहे.

आमच्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग गडद तपकिरी ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, लगेच दिसतात. धुतल्यावर भांडी कोरड्या फडक्याने पुसली, तर ते साचत नाहीत. गॅसच्या आचेवर ही भांडी ठेवू नयेत, आणि फ्रिजमधून काढलेल्या वाडग्यात उकळती आमटी ओतू नये, कारण एकाएकी तापल्याने तडा जाऊ शकतो.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. ताटल्या जड आहेत; एकावर एक रचलेल्या ताटल्या फळीवरून उतरवताना आईंना दोन्ही हात लागतात. शिवाय बुडाची कड ग्लेझ न दिलेली आणि खरखरीत असल्यामुळे जेवणाच्या टेबलावर ओरखडे पडले. बारीक पॉलिश पेपर ओला करून घासल्यावर कड गुळगुळीत झाली, पण हे काम विक्रीपूर्वीच व्हायला हवे होते. पुढच्या खेपेला याच कलाकाराकडून खोल वाडगेच घेणार आहोत, ताटल्या नाहीत.